सुभेदारांची आघाडी

आमच्या शेजारचे सुभेदार कोणत्याही दुकानात सरळ शिरत नाहीत. आधी दुकानावरून पुढे जातात, गर्दी कुठे पातळ आहे ते पाहतात आणि मग बाजूने आत घुसतात. "समोरनं हल्ला येड्यानं करावा," हे त्यांचं म्हणणं. जत्रेच्या जेवणात पांढऱ्या रश्श्याची बादलीही ते अशीच बगलेवरून गाठतात.

लष्करातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं युद्ध चालूच आहे. मेहुणा मुक्कामाला आला की तो वेढा. मग चहापुढे काही मिळू द्यायचं नाही, रसद तोडायची. गल्लीच्या बैठकीत ते दाराजवळ बसतात आणि वर्गणीचा विषय निघाला की दिसत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "पळालो न्हाय. माघार घेतली. फरक हाय की."

अलीकडे त्यांची एकच आघाडी उरली आहे. त्यांच्या पत्नी शालूकाकी सगळं विसरत चालल्या आहेत. दिवे लागायच्या सुमारास त्या पिशवी भरतात आणि माहेरी, चंदगडला निघतात. तिथलं घर कधीच विकलं गेलं. तसं सांगितलं की त्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडतात.

सुभेदारांनी एकदा दाराला बाहेरून कडी घातली. आपल्याला कोणी परक्यानं कोंडलंय, अशा हाका काकी आतून मारत राहिल्या. त्या दिवसापासून सुभेदारांनी बचाव बदलला. अडवायचं नाही, जागा सोडत सोडत वेळ काढायचा. आधी कोपऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं, तिथं ओळखीचं कोणी गाठून बोलण्यात गुंतवायचं. मग दुधाच्या कट्ट्यापर्यंत, जिथे म्हशी आणून समोरच धार काढून देतात. म्हशी संथ रवंथ करत असतात, उजेड निळसर होत जातो, काकी कोमट फेसाळ दूध पितात आणि पेला रिकामा होईतो चंदगड बहुधा विरून गेलेलं असतं.

मी राखीव दल. भिंतीपलीकडून "राखीव" अशी हाक आली की चपला घालायच्या आणि थोडं अंतर ठेवून मागे चालायचं.

परवा दुधानं काम झालं नाही. काकी चालत राहिल्या, स्टँडपर्यंत. चंदगडची एसटी उभी होती. आतल्या पिवळ्या उजेडात ती धुक्यावर तरंगल्यासारखी दिसत होती. काकी चढल्या आणि खिडकीशी बसल्या. त्यांना उतरवू या का, असं मी विचारलं. सुभेदारांनी खिडकीतल्या काकींकडे एकदा पाहिलं.

"तुमी घरी जावा. आमच्या दाराला कुलूप घाला," ते म्हणाले आणि घरच्याच कपड्यांत वर चढले.

काकी जरा सरकल्या. त्यांचा चेहरा इतका शांत मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"कुठं निघालासा, पावणं?"

सुभेदारांनी त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

"चंदगडलाच. सोबत हाय तुमाला."

"बरं झालं की," काकी म्हणाल्या.