तीन टिटव्यांचा पाहुणचार

"मिस्टर गॉस! या, या, तुमचीच वाट बघत होते!" असं म्हणत मालकीणबाई मिसेस डॅगनॉल थेट अंगणात धावत आल्या आणि त्यांनी ऑब्रे पेनफोल्डच्या हातातली बॅग जवळजवळ हिसकावून घेतली. 'मी गॉस नाही' एवढंच बोलायचं होतं. ऑब्रेनं तोंड उघडलंही. पण बाईंचा चेहरा इतका फुललेला होता, की त्यावर पाणी ओतायचं त्याच्या जिवावर आलं.

"फारच छान जागा आहे," तो म्हणाला.

शेजारी उभ्या असलेल्या बेरिलनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

'थ्री लॅपविंग्ज', म्हणजे तीन टिटव्या, हा एकेकाळी मेंढपाळांचा साधा पब होता. आता भिंतींना राखी रंग लागला होता, बिअरच्या वासाच्या जागी लव्हेंडरचा वास आला होता, पाहुण्यांच्या तिन्ही खोल्यांत पाय बुडतील असे गालिचे अंथरले होते आणि शेफची कीर्ती चार परगण्यांत पसरली होती. फक्त नाव विचारायला काउंटर तेवढा नव्हता. "हे हॉटेल नव्हे, घर आहे," असं मिसेस डॅगनॉल सगळ्यांना सांगत. "घरी आलेल्या पाहुण्याला कुणी नाव विचारतं का?" कोण किती वाजता येणार हे त्या पाठ करून ठेवत आणि त्या क्रमानं पाहुण्यांना नावानं हाक मारत. त्या दिवशी पेनफोल्ड मंडळींना रस्ता मोकळा मिळाला आणि ती वेळेआधी पोचली, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

"तू गॉस कधीपासून झालास?" जिन्यात बेरिलनं विचारलं.

"खाली गेलो की सांगतो ना."

"सांगशील! गेल्या वर्षी केस कापताना त्या पोरानं तुझा कान कापला, तर तू त्याला बक्षिशी देऊन आलास."

"लहानसाच कापला होता."

"हे बघ ऑब्रे, लग्नाच्या वाढदिवसाला मला काही नको. आयुष्यात एकदा कुणाला तरी तोंडावर सांग, की हे चुकलंय. तेवढं केलंस तर मी समजेन की माझं लग्न माणसाशी झालंय, पायपुसण्याशी नाही."

बेरिलला एक गोष्ट माहीत नव्हती. लग्नाची पहिली रात्र त्यांनी याच पबमध्ये काढली होती हे तिला आठवत होतं, पण खिडकीतून तळं दिसणारी ती खोली ऑब्रेनं महिनोन्महिने आधी मागून ठेवली होती. तिला चकित करायचं होतं. आता ती खोली पेनफोल्ड नावाच्या माणसासाठी राखून ठेवली होती आणि तो स्वतः होता गॉस! गॉसच्या खोलीतून कोंबड्यांचं खुराडं दिसत होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

खोलीत आलेला चहा पिऊन तो खाली आला तेव्हा सांगण्याची वेळ टळून गेली होती. नाव चुकलं तर पहिल्या मिनिटात सांगता येतं; चहा पिऊन झाल्यावर 'मी तो नव्हेच' म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर मारणं, असं तिकडचे सभ्य लोक मानतात आणि ऑब्रे तर सभ्यांचा शिरोमणी. तो जेवणाच्या टेबलाशी मुकाट्यानं बसला, तोच शेफ स्वतः बाहेर आला.

"मिस्टर गॉस, तुमच्यासारखा खवय्या विरळा! फोनवर तुम्ही म्हणालात ना, डुकराचं काही म्हणता काही वाया घालवू नका? घ्या, कानापासून सुरुवात करू. मग मूत्रपिंडं. आणि शेवटी अख्खं मुंडकं!"

ऑब्रेनं पाण्याचा पेला जवळ ओढला. कॉलेजात असताना बेडूक कापायच्या तासालाच त्याला घेरी आली होती.

"कसे आहेत कान?" शेफनं विचारलं.

"फारच छान," ऑब्रे म्हणाला आणि टेबलाखालून त्याच्या नडगीवर बेरिलची लाथ बसली.

पलीकडच्या टेबलावर एक किरकोळ अंगाचा माणूस आणि त्याची बायको बसली होती. मिसेस डॅगनॉल त्यांच्यापुढे वाकून म्हणाल्या, "मिस्टर पेनफोल्ड, तुमचं भाजलेलं कोकरू आणि पुदिन्याचा सॉस. टॉफी पुडिंगही तयार आहे हं!"

ते ऑब्रेचं कोकरू होतं. पुडिंग बेरिलचं होतं. आणि तळ्याकाठची खोली अर्थातच त्या दोघांना मिळाली होती. तो माणूस कोकराकडे नुसता बघत बसला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. ऑब्रेला वाटलं, हाच गॉस असणार, बिचाऱ्याचा जीव मुंडक्यासाठी तळमळतोय. खिडकीशी एक अगडबंब गृहस्थ अळंब्यांचा 'पाय', म्हणजे आत अळंब्या भरून भाजलेली जाड पोळी, चिवडत होता. तोही सारखा इकडेच बघत होता, पण त्याच्याकडे कोण लक्ष देतो?

हवा खायच्या निमित्तानं ऑब्रे अंगणात गेला. पाठोपाठ तो किरकोळ माणूसही आला.

"माफ करा हं," ऑब्रे म्हणाला, "पण गॉस तुम्हीच ना?"

तो माणूस जरा घुटमळला. "अं... तुम्ही म्हणता तर... हो, हो."

"मी पेनफोल्ड! माझं जेवण तुमच्याकडे आणि तुमचं माझ्याकडे गेलंय हो!"

"अरेरे! माफ करा."

"छे, छे, तुम्हीच मला माफ करा. आता बाईंना सांगून त्यांना कशाला दुखवायचं? आपण टेबलं जोडू, ताटं गुपचूप बदलू. मग खोल्याही बदलू. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"फारच छान कल्पना," तो माणूस क्षीण आवाजात म्हणाला.

टेबलं जोडली गेली. ऑब्रेनं मुंडकं हळूच पलीकडे सरकवलं आणि कोकरू अलीकडे ओढलं. त्या माणसानं डोळे मिटून मुंडक्याचा एक तुकडा तोंडात घातला. त्याच्या गालांवरून घळघळा पाणी वाहू लागलं. "बघ, किती आवडीनं खातोय," ऑब्रे बेरिलच्या कानात म्हणाला. मिसेस डॅगनॉलचा म्हातारा कुत्रा मात्र उठून त्या माणसाच्या पायाशी जाऊन बसला आणि जेवण होईपर्यंत हलला नाही.

पुडिंग संपताच बॅगा इकडून तिकडे गेल्या. ऑब्रेनं बेरिलला डोळे मिटायला सांगितलं, हाताला धरून खोलीत आणलं आणि पडदा सारला. तळ्यावर संध्याकाळचं ऊन होतं, बदकं भांडत होती.

"ओळखलीस?"

बेरिलनं आधी तळ्याकडे पाहिलं, नंतर त्याच्या चेहऱ्याकडे. मग तिनं त्याचा हात घट्ट धरला. "वेड्या, एवढं लक्षात ठेवलंस तू!" ऑब्रेला इतका आनंद झाला, की सकाळी काय वाटेल ते करून दाखवायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

सकाळी मिसेस डॅगनॉल किटली घेऊन आल्या. "मिस्टर गॉस, सगळं ठीक होतं ना?"

ऑब्रे उभा राहिला. "नाही," तो म्हणाला. दोन्ही टेबलांवरचे चमचे थांबले. "चुकलंय. मी गॉस नाही, मी पेनफोल्ड आहे. गॉस हे, इथे बसलेत ते."

बेरिलच्या डोळ्यांत असं कौतुक त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण त्या किरकोळ माणसानंही चमचा खाली ठेवला.

"तुम्ही बोललात म्हणून मीही बोलतो," तो म्हणाला. "मी गॉस नाही. माझं नाव टिलिंग."

"मग काल हो का म्हणालात?" ऑब्रे किंचाळला.

"तुम्ही इतक्या खात्रीनं विचारलंत! नाही कसं म्हणायचं?" टिलिंग म्हणाला. "आणि आम्ही दोघं शाकाहारी आहोत हो. आम्ही अळंब्यांचा पाय सांगितला होता."

"पण तुम्ही तर मुंडकं खाल्लंत!"

"एकच तुकडा. बाकी कुत्र्यानं खाल्लं."

सगळ्यांच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. अगडबंब गृहस्थानं रुमालानं तोंड पुसलं.

"गॉस मी," तो खोल आवाजात म्हणाला. "मी उशिरा, सगळ्यांच्या शेवटी पोचलो, तर बाईंनी 'या मिस्टर टिलिंग' म्हटलं. मग म्हटलं, कशाला उगाच... जिन्यामागच्या लहान खोलीत झोपलो. अळंब्यांचा पाय बरा होता." त्यानं शेगडीपाशी पोट वर करून झोपलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. "मुंडकं कसं होतं, एवढं कुणी सांगेल का?"

मिसेस डॅगनॉल मटकन खुर्चीत बसल्या. मग पाचही जणांनी त्यांची समजूत घातली, त्यांचं काहीच चुकलं नाही असं शपथेवर सांगितलं आणि पुढच्या वर्षीची खोली मागून ठेवली.

निघताना बाई गाडीपर्यंत आल्या. "निदान खोली तरी मनासारखी मिळाली ना, मिसेस पेनफोल्ड?"

"अगदी हवी तीच!" बेरिल म्हणाली.

गाडी फाटकाबाहेर पडली. ऑब्रे शीळ घालत होता. आता जगात कुणालाही काहीही सांगायची त्याची तयारी होती.

"ऑब्रे," बेरिल म्हणाली, "आपली खोली ती नव्हती."

"काय?"

"आपली जिन्यामागची लहान होती. तळं दिसायचं, पण न्हाणीघराच्या स्टुलावर चढून. त्या रात्री तू स्टुलावरून पडला होतास."

ऑब्रेनं करकचून ब्रेक दाबला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुझा चेहरा इतका फुलला होता रे!"

"आत्ता जातो आणि बाईंना सांगतो. ती खोली बघूनच जाऊ!" त्यानं गाडी मागे घ्यायला गिअरवर हात टाकला.

बेरिलनं त्याचा हात धरला. मागे फाटकाशी मिसेस डॅगनॉल अजून हात हलवत उभ्या होत्या.

"नको रे," ती म्हणाली. "आपला निरोप घेऊन झालाय. आता परत कुठल्या तोंडानं जायचं?"