फाइलीला शिवलेला कोट

दाभणाचा शेवटचा टाका पडला, गाठीवर लाख ओतली गेली, न्यायालयातल्या नोंदणीच्या टेबलावर शिक्काही उमटला. मग वकीलबाईंच्या कारकूनकाकांच्या लक्षात आलं की उजवा हात फाइलीपासून सुटत नाहीये. एकशे बारा पानांबरोबर त्यांनी स्वतःच्या कोटाची बाहीही शिवली होती.

टाचण्यांवर काकांचा विश्वास नव्हता. बत्तीस वर्षं ते फाइल शिवत आले होते, आणि पान सुटल्याची तक्रार एकदाही आली नव्हती. वकीलबाईंनी टाके कापायला पर्समधून कात्री काढली.

"बाहीही लाखेत अडकलीय. सील मोडलं की फाइल बाद, मॅडम," काका म्हणाले. "मग पुढची तारीख महिन्यानंतरची."

महिना परवडणारा नव्हता. वकीलबाईंची अशील वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. धर्म पाळायचा म्हणून ती डोक्याला रुमाल बांधायची. महिला कर्मचाऱ्यांनी डोकं उघडं ठेवावं असा नियम निघाला आणि तिची रवानगी तळघरात, फाटकी पुस्तकं चिकटवायला झाली. दारावरचा रखवालदारही धर्माचीच टोपी घालायचा, पण नियमात पुरुषांचा उल्लेख नव्हता. सोमवारपासून गोष्टींचा तास दुसऱ्या बाईंकडे जाणार होता.

तेव्हा काका फाइलीसकट आत न्यायाधीशांपुढे गेले. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं, झाला प्रकार ऐकून घेतला. सील शाबूत आहे आणि फाइलीला काय लोंबकळू नये याबद्दल नियम काही म्हणत नाही, असं त्यांचं मत पडलं. कोट काढून फाइलीबरोबरच द्यावा, असं त्यांनी सांगितलं.

काका जागचे हलले नाहीत.

वाचनालयाचे वकील माणूस म्हणून भले होते. "काढा की काका," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "कापडच तर आहे."

हेच वाक्य त्यांच्या लेखी म्हणण्यात तिसऱ्या पानावर होतं, रुमालाबद्दल.

"साहेब, माझा स्वेटर वाळला नव्हता," काका खाली बघत म्हणाले. "आत बायकोचा आहे. गुलाबी. बटणं फुलांची."

कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या अशिलाने तर नजरच वळवली, उगाच त्यांना अवघडायला नको म्हणून. वाचनालयाचे वकील क्षणभर घुटमळले. मग त्यांनी आपला काळा गाऊन उतरवला आणि काकांच्या खांद्यावर घातला. त्याच्या आडोशाने काका कोटातून बाहेर आले. कोट लोंबत असलेली फाइल टेबलावर पोचली.

वाचनालयाचे वकील घसा साफ करून उभे राहिले.

"थांबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "गाऊनशिवाय वकिलाचं म्हणणं मला ऐकता येत नाही."

"पण मॅडम, माणूस तर तोच आहे. नुसत्या कापडासाठी तुम्ही मला गप्प..."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. वाक्य अर्धंच सोडून वकिलांनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा मागच्या बाकाकडे. मग खुणेनेच दहा मिनिटं मागून ते फोन घेऊन व्हरांड्यात गेले.

दहाची पंचवीस मिनिटं झाली. पण परत आले ते तडजोड घेऊनच: गोष्टींचा तास तिचाच राहील, रुमालासकट, आणि नियम नव्याने लिहिला जाईल. एवढं नोंदवून घेण्यापुरता त्यांनी काकांकडून गाऊन परत मागितला. तेवढी पाच मिनिटं काका भरल्या न्यायालयात गुलाबी स्वेटरमध्ये उभे राहिले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

बाहेर अशिलाने वाचनालयाच्या वकिलांचे आभार मानले.

"माझे नका मानू," ते म्हणाले. "काकांच्या दाभणाचे माना."

कोट फाइलीबरोबर दफ्तरखान्यात जमा झाला. तो परत मिळवायला एक साधा अर्ज पुरतो, आणि काकांनी लोकांचे असे शेकडो अर्ज लिहिलेत. स्वतःचा मात्र अजून लिहिलेला नाही. बायकोने आपला स्वेटर परत घेतला आणि त्यांच्यासाठी नवा विणायला घेतला. लोकरीचा रंग निवडायला काका स्वतः दुकानात गेले होते. त्यांनी गुलाबीच आणला.