रांगोळीतली हद्द

आमच्या शेजारच्या शकूकाकूंच्या दारात रोज सकाळी एक नवा देश असतो. बाकीच्या बायका कमळं काढतात, मोर काढतात. काकू थेट नेपाळ काढतात. आज ब्राझील, उद्या तुर्कस्तान. आणि दूधवाला बिचारा रोज कुठल्या ना कुठल्या देशावर पाय देतो.

"अरे ए! काठमांडूवर उभा हाईस की! सरक!"

"कुठं सरकू बाई?"

"खाली सरक, भारतात ये. तो आपलाच हाय."

उदगीरच्या आमच्या गल्लीला आता हे अंगवळणी पडलंय. काकूंनी सारी हयात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. शाळेतून निवृत्त झाल्या, भूगोलातून नाही. काका गेले, मुलगा पुण्याला, घरात एकट्याच. पण एकटी बाई म्हणून कीव करायला जाल तर तुमचीच तोंडी परीक्षा होईल. माझी लई वेळा झालीय.

माझं मोंढ्यात आडतीचं दुकान. सोयाबीन-तुरीचा भाव झोपेत विचारा, सांगतो. नकाशाशी माझा संबंध शाळेतल्या छड्यांपुरता. तरी चिली देश मला पक्का माहीत आहे. तो लांबडा देश काढायचा असला की रांगोळी आमच्या फाटकापर्यंत येते आणि मला स्कूटर बाहेर काढता येत नाही. रशिया मात्र फक्त दिवाळीत. "लई रांगोळी खातो मेला," म्हणतात.

नियम कडक. दोन देशांत वाद असेल तिथं सलग रेघ नाही, तुटक ठिपके. एका देशाच्या पोटात दुसरा देश असला की त्यात हळद भरायची. समुद्र नसलेल्या देशाची त्यांना फार दया येते. "चारी बाजूंनी शेजारी, बिचाऱ्याला अंग मोकळं करायला जागा न्हाई," असं म्हणून त्याच्या कडेनं एक फूल जास्त काढतात.

एकदा मी बोलून गेलो, "काकू, देश काय, राज्य काय, राष्ट्र काय, सगळं एकच की!"

झालं! धोंडा मीच पायावर पाडून घेतला.

"एकच कसं? राज्याला चार गोष्टी लागतात. लोकसंख्या, भूभाग, शासन आन् सार्वभौमत्व. तुझ्या घरात लोकसंख्या हाय, भूभाग हाय, शासनबी हाय. सार्वभौमत्व कुणाकडं हाय?"

आतून बायको खोकली.

"कळलं न्हवं? ते ज्याच्याकडं, राज्य त्याचं."

"आन् राष्ट्र?"

"ते कागदावर नसतंय. ज्यांना एकच आंबील गोड लागते, ते राष्ट्र." असं म्हणून त्या कुंकवाच्या बोटानं श्रीलंका पुरी करायला लागल्या.

काकूंचं माहेर उदगीरच्या पुढं, हद्दीच्या पल्याड, कर्नाटकात. याचा त्यांना केवढा अभिमान! गल्लीत कुणी पुण्या-मुंबईचा पाहुणा आला आणि "तुम्ही अगदीच कोपऱ्यात राहता हो," म्हणाला की काकू पदर खोचतात. "कोपऱ्यात न्हाई, काठावर. भांड्याला काठ हाय म्हणून कालवण आत टिकतंय. आमच्या गावात लेकरू मराठीत रडतंय, कन्नडात हट्ट करतंय आन् बाजारात उर्दूत भाव करतंय. तुमच्याकडं हाय का असं?" आम्ही सगळे छाती फुगवून उभे, जसं काही ते लेकरू आम्हीच शिकवून तयार केलंय.

आता सांगतो मुख्य गोष्ट. येळवस जवळ आली की काकू जगाचे देश सोडून फक्त महाराष्ट्र काढतात. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर-उदगीरचे रस्ते ओस पडतात, सगळी माणसं वावरात. कडब्याच्या कोपीत पूजा, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मग आंबील शिंपत शेताला फेरी. तर हा येळवशीचा महाराष्ट्र अगदी छापल्यासारखा. फक्त उदगीरच्या पुढं, जिथं कर्नाटक लागतं, तिथं रेघ बोटभर तुटलेली. दरवर्षी तिथंच.

"काकू, रेघ तुटली बघा."

"तुटली न्हाई, सोडली हाय."

"मग ठिपके तरी द्या."

"वाद न्हाई तिथं ठिपके कशाला? जा, मोंढ्यात जा तू."

म्हातारपणी हात थरथरला असेल, मान्य करायला नको म्हणून बोलतात, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं.

यंदा मात्र येळवशीच्या आधी काकूंचं काही ठीक दिसेना. सारखं दार उघडून एस.टी. स्टँडकडच्या रस्त्याकडं बघायचं, परत आत जायचं. दूधवाल्यानं अख्ख्या विदर्भावर पाय दिला तरी ओरडल्या नाहीत! मला काळजी वाटली. चहाला म्हणून गेलो आणि विचारलं.

"मुराळ्याची वाट बघून राहिले रे," म्हणाल्या. "माझा भाऊ दरवर्षी मला न्यायला यायचा. आता त्याला जाऊन चार सालं झाली. दरसाली मनातल्या मनात बघायचे, यंदा राहवंना झालंय. भाचा हैदराबादला, गावात भावजय एकटी. कोण येणार?"

"अहो, तासाभराचा रस्ता. मी सोडतो की गाडीनं."

काकू ताठ झाल्या. "माहेरी न्यायला माहेरचं माणूस यावं लागतंय. बोलावणं न्हाई, मुराळी न्हाई, आन् आपणच पिशवी घेऊन जायचं? त्याला आमच्या विषयात घुसखोरी म्हणतात."

मला हसू आलं, पण त्यांचे डोळे बघून ते तिथंच गिळलं. मग त्या हळूच सांगायला लागल्या. वडलांच्या वावराचं अर्धं अंग कर्नाटकात, अर्धं महाराष्ट्रात. येळवशीला वडील पुढं आंबील शिंपत, मागं ही दोघं बहीणभाऊ ओरडत पळत. फेरी पुरी व्हायला हद्द दोनदा ओलांडावी लागायची. "कुण्या सरकारला पत्ता न्हाई," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्यागत तेज आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गावचा एक शेतकरी माझ्या दुकानी सोयाबीन घेऊन आला. पल्याडचा माल उदगीरच्या मोंढ्यात येतोच, त्याला कोण अडवतंय! वजन होईस्तोवर मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, "दादा, काकूंच्या भावजयीला एवढा निरोप द्या. म्हणावं, हिकडं तुमची नणंद मुराळ्याची वाट बघून राहिलीय. बोलावल्याशिवाय येणार न्हाई." काकूंना काही बोललो नाही. निरोप पोचतो का, पोचला तर कुणी येतं का, काय भरवसा?

येळवशीच्या आदल्या सकाळी मी स्कूटर पुसत होतो. काकूंच्या दारात महाराष्ट्र तयार, तीच बोटभर फट सोडलेला. तेवढ्यात एक नऊवारीतली बाई हातात पिशवी घेऊन आली आणि रांगोळीपाशी थबकली. काकू दारात आल्या आणि पुतळ्यागत उभ्या राहिल्या. मी समजलो, ही भावजय.

"अक्का," ती बाई म्हणाली, "मला वाटलं तुमचंच घर हाय, तुम्ही येतालच. तुम्ही वाट बघून राहिलात, मी वाट बघून राहिले. चार सालं वावराची फेरी झाली न्हाई बघा."

मग ती खाली वाकली. सारा महाराष्ट्र सोडून तिनं बोट नेमकं त्या फटीत ठेवलं. "हे तर नम्म ऊर, आपलं गाव! आपलं वावर हाय हे. आंबील इथूनच जाती की."

आम्ही शहाणे इतकी वर्षं ज्याला हाताची थरथर म्हणत होतो, ते घरच्या माणसानं एका नजरेत वाचलं. तिनं लुगडं सावरलं, रांगोळीचा कण न मोडता नेमकं त्या फटीवरून पाऊल टाकलं आणि काकूंच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

घटकाभरात काकू ठेवणीतलं इरकल नेसून बाहेर पडल्या, त्याही त्याच फटीवरून. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मुराळी आली हो माझी! परराज्यातून आली!" मग किल्ली माझ्या हातात देत दरडावलं, "उद्या माझं दार ओकं ठेवू नको."

येळवशीला सगळं उदगीर वावरात निघालं होतं. मी बायकोला म्हणालो, थांब जरा, आणि काकूंच्या दारात उकिडवा बसलो. आडत्याच्या हातचा महाराष्ट्र, तो वांग्यासारखा झाला. पण उदगीरच्या पुढं बोटभर जागा मी मोकळी सोडली. दूधवाला येऊन बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, रेघ तुटली बघा."

"तुटली न्हाई," मी म्हणालो, "सोडली हाय."