बासष्टावी उत्तरपत्रिका

गठ्ठ्यावर एकसष्टचा आकडा लिहिलेला होता आणि मॅडमनी तपासलेल्या उत्तरपत्रिका भरल्या बासष्ट.

मॅडमनी जेवणाच्या टेबलावर त्या पुन्हा मोजल्या. शंका नको म्हणून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवल्या. सासरे पोस्टातून निवृत्त झालेले. कागद मोजायला मिळाले की त्यांचा दिवस चांगला जाई. अंगठा ओला करून त्यांनी गठ्ठा सरसर मोजला.

"बासष्ट," ते म्हणाले. "कमी भरली असती तर पलंगाखाली शोधली असती गं. जास्तीची कुठे शोधणार?"

 मॅडम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. दोन वर्षं झाली होती, आणि नोकरीत कायम करण्याच्या अहवालावर विभागप्रमुखांची सही याच महिन्यात व्हायची होती. सर शिस्तीचे. वर्गात खडू पडला तरी मुलं श्वास रोखून धरत. अशा माणसाला "सर, एक पेपर जास्त झालाय," असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या परीक्षा विभागात गेल्या. तिथले हेडक्लार्क सगळ्यांचे भाऊसाहेब. नियमांची जाडजूड फाईल ते उशाला घेऊन झोपत असावेत, असा सगळ्यांचा समज होता.

"मॅडम, पेपर कमी झाला तर त्याचा फॉर्म आहे माझ्याकडे," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले. "जास्त झाला तर फॉर्मच नाही."

"मग आता?"

"आता काय, चिकट्या काढून बघू."

परीक्षकाला विद्यार्थी कळू नये म्हणून पहिल्या पानावरच्या बैठक क्रमांकावर कागदी चिकटी लावलेली असे. भाऊसाहेबांनी एकेक चिकटी सोलून क्रमांक यादीशी ताडून पाहिले. एकसष्ट क्रमांक बरोबर जुळले. बासष्टाव्या चिकटीखाली काहीच नव्हतं. कोरी जागा.

"हा कोण, मॅडम?"

"मला काय माहीत? नापास आहे एवढं माहीत आहे. ऐंशीपैकी एकोणतीस."

तो पेपर मॅडमना चांगलाच आठवत होता. तीन दिवस तपासून मान मोडून आली होती आणि हा प्रत्येक प्रश्नाला उडवाउडवीची उत्तरं देत होता. त्याच्यावर मॅडमनी लाल पेनची अर्धी शाई संपवली होती.

प्रकरण प्राचार्यबाईंकडे गेलं. क्रमांक नसलेला पेपर म्हणजे कुणीतरी बाहेरचा वर्गात येऊन बसला, नाहीतर कुणीतरी मागाहून पेपर गठ्ठ्यात सरकवला. प्राचार्यबाईंनी तो लिफाफ्यात घालून लाखेनं बंद केला, कपाटात ठेवला आणि चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष अर्थातच विभागप्रमुख.

सरांना चौकशीची फार हौस. समितीसमोर लिफाफा उघडायला दोन दिवस होते, पण सर थांबतात कशाला! त्यांनी एकसष्टच्या एकसष्ट मुलांना बोलावून फळ्यावरची चार वाक्यं लिहून घेतली. हस्ताक्षराचा नमुना म्हणून. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षण करणाऱ्या ग्रंथपालाला तासभर उभं केलं. बिचाऱ्याला शेवटी आपणच आत कुणाला तरी सोडलं असावं असं वाटायला लागलं.

"सापडू दे तो," सर स्टाफरूममध्ये गरजले. "तीन वर्षं परीक्षेला बसू देणार नाही! आणि मॅडम, पेपर तपासताना एक जास्त आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही? अहवालाचं नंतर बघू."

मॅडमना रात्री जेवण गेलं नाही.

समितीच्या दिवशी प्राचार्यबाईंच्या खोलीत चौघं बसली. बाई, सर, मॅडम आणि फाईल घेऊन भाऊसाहेब. लाख फोडली. सर चष्मा घरी विसरले होते म्हणून वाचायचं काम भाऊसाहेबांकडे आलं.

"प्रश्न पहिला. मागणीचा नियम आकृतीसह स्पष्ट करा," भाऊसाहेबांनी खणखणीत सुरुवात केली. "उत्तर. किंमत वाढली की मागणी घटते. आकृती सोपी असल्याने विद्यार्थ्याने स्वतः काढावी. इथे मॅडमनी लाल शाईत लिहिलंय, 'विद्यार्थी आपणच!'"

प्राचार्यबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

"बघा, बघा मुजोरी!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "अहो, नियमाच्या अटी कुठायत? पुढे वाचा."

"प्रश्न दुसरा. नियमाचे अपवाद लिहा. उत्तर. अपवाद वर्गात सांगितले आहेत, ते पाहावेत. लाल शाई, 'वर्गात बसला असतात तर इथे लिहिता आले असते.'"

"शाब्बास, मॅडम," सर म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. कपाळावर एक आठी उमटली.

"प्रश्न तिसरा..."

"भाऊसाहेब, ती शाई कुठली आहे? म्हणजे, पेपर लिहिलाय ती?"

"हिरवट निळी, सर. फाउंटन पेन दिसतंय. आणि ओळ संपली की खाली दोन टिंबं दिलीत."

 कॉलेजात फाउंटन पेन एकच माणूस वापरत होता आणि ते पेन या क्षणी त्याच्या खिशाला होतं.

"पुढे वाचू?"

"नको," सर म्हणाले. त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून सावकाश रिकामा केला. "ती आदर्श उत्तरपत्रिका आहे."

"कशाचा आदर्श, सर?" भाऊसाहेबांनी निरागसपणे विचारलं.

मग उलगडा झाला. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानं ती स्वतः सोडवून, मुलांच्या असतात तशाच उत्तरपत्रिकेत लिहून, परीक्षा विभागाला द्यायची असा नवा नियम याच वर्षी आला होता. भाऊसाहेबांनीच आणला होता. ही प्रश्नपत्रिका सरांनीच काढलेली; दोन मीटिंगांच्या मधल्या वीस मिनिटांत त्यांनी आदर्श पेपर उरकला. भाऊसाहेबांनी तो मॅडमच्या माहितीसाठी गठ्ठ्यावर ठेवला आणि चिकट्या लावायला सुरुवात केली तेव्हा वरून पहिली त्यालाच लावली.

मॅडमना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण शेवटच्या पानावरचा शेरा अजून कुणी वाचला नव्हता. तो असा होता: 'उत्तरे गाईडमधून उतरवली आहेत, तीही हलक्या गाईडमधून. विषयाची गोडी लावून घ्यावी.'

सरांनी पेपर हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि शेवटचं पान वाचलं. दोनदा वाचलं.

"मॅडम, दुसऱ्या प्रश्नाला पंधरापैकी तीन?"

"अपवाद एकही नव्हता, सर," मॅडम कशाबशा म्हणाल्या. "तीन हस्ताक्षरासाठी दिले."

प्राचार्यबाई एकदम खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"बत्तीसला पास," भाऊसाहेबांनी फाईल उघडली. "नियमानं तीन गुण ग्रेस देता येतात. सर काठावर बसतात."

"ग्रेस?" सर ताडकन उठले. "तीस वर्षं हा विषय शिकवतोय मी! मला ग्रेस नको. मला पुनर्मूल्यांकन हवंय."

भाऊसाहेबांनी फॉर्म काढून दिला. सरांनी तो तिथेच भरला. चिकटी लावून, लाल शेरे झाकून पेपर दुसऱ्या कॉलेजातल्या परीक्षकाकडे गेला. त्या परीक्षकाला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

दहा दिवस सर कुणाशी फारसं बोलले नाहीत. मात्र मुलांच्या लक्षात आलं की सर वर्गात प्रत्येक आकृती स्वतः काढायला लागलेत, अक्षांना नावंसुद्धा देतात. एका दुपारी मॅडमच्या टेबलावर अहवाल येऊन पडला. सही होती. 'मूल्यमापन' या रकान्यात सरांनी हिरवट निळ्या शाईत लिहिलं होतं, 'निर्भीड.' त्याखाली दोन टिंबं.

अकराव्या दिवशी पाकीट आलं. सरांनी ते परीक्षा विभागातच फोडलं. मॅडम तिथे गुणपत्रकं तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण कान टवकारले.

"किती, सर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सव्वीस."

भाऊसाहेबांनी फाईल चाळली, एका पानावर बोट ठेवलं.

"मग आता ग्रेसमध्येही बसत नाही. पुरवणी परीक्षाच द्यावी लागेल. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार."

 सरांनी एक खुर्ची ओढली, मॅडमच्या शेजारी बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, त्या अपवादांच्या तुमच्या नोट्स आहेत का हो?"