फुलाबाईसाहेबांनी अडीच हात जागा जिंकली त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा चुलीपाशी जागृत असो.

राज्ये उठली आणि राज्ये बुडाली आणि त्यांच्या बखरींनी पोती भरली; परंतु रणातून आलेली फौज जेवली कोठे, भात कोणी उतरविला आणि पेज कोणाच्या पायावर सांडली, हे लिहिण्याची फुरसत एकाही बखरनविसास जाहली नाही. लेकाचे सगळे आयत्या ताटावर बसणारे! आम्ही त्या पंक्तीतले नव्हे. ज्या घरचे मीठ खाल्ले, त्या घरी मिठाची बरणी कोठे होती आणि ती हलविताना काय रण माजले, ते खरेखुरे लिहितो. ज्यास भूक लागत नाही त्याने वाचू नये.

तरी जोयडे महाली, काळी नदीच्या रानात, नंदिगड्डे गावी महाबळेश्वरराव कुळवाडी नांदत होते. भाताची खाचरे, फणसाची झाडे आणि रानडुकरांशी वंशपरंपरागत वैर, ऐसा त्यांचा सरंजाम. त्यांच्या पट्टराणी फुलाबाईसाहेब. पुत्र वासूराव गोमंतकी चाकरीस, म्हणोन या मोहिमेच्या जयातून आणि पराजयातून दोहोंतून सुखरूप वाचले. आणि स्नुषा पूर्णिमाबाई, रामनगरच्या दुकानदार घराण्यातील, पायाच्या चपळ आणि जिभेच्या त्याहून चपळ. ऐसे असता गतवर्षीच्या पर्जन्याने स्वयंपाकघराच्या मागील भिंतीस मोर्चे लावून ती जमीनदोस्त केली. आणि भिंत पडली म्हणोन स्वयंपाकघर नवे बांधावे, आणि नवे बांधावे तर त्याची रचना कैसी असावी, या मसलतीतून पुढील सर्व अनर्थ उपजला.

जुन्या अमलाची रीत ऐसी, की फुलाबाईसाहेब चुलीपुढे एकदा बसल्या म्हणजे उठत नसत. सर्व जिन्नस हाताच्या अंतरावर. आणि ते हात पूर्णिमाबाईंचे. पाणी दी म्हणताच पूर्णिमाबाईंनी अंगणातल्या पिंपावर कूच करावे, मीठ दी म्हणताच फडताळावर चाल करावी, जळण दी म्हणताच पडवी गाठावी, आणि मग दिवस मावळता पाय सुजोन भोपळे व्हावे. आणि चुलीच्या उजव्या अंगास, आग आणि पाण्याची वाट यांच्या ऐन मध्ये, खासा महाबळेश्वररावांचा पाट. त्या रानात पावसाळी अंगावरचे कपडे अंगावरच वाळवावे लागतात, म्हणोन घरधन्याने चुलीपाशी बसोन हात शेकावे, निखाऱ्यावर विडी पेटवावी आणि चहा होईतो राज्यकारभाराचे बोलावे, ही चाल वडिलांपासोन. तो पाट ओलांडणे म्हणजे देव ओलांडणे. त्याबाबत कोणी कधी हुकूम काढिला नव्हता. जो काढावा लागतो तो हुकूम कसला?

मग पूर्णिमाबाईंनी मोबाइल यंत्रात पाहोन पाहोन नवी युद्धनीती हस्तगत केली. ती ऐसी, की साठवण हे एक ठाणे, धुणे-चिरणे दुसरे, शिजविणे तिसरे. तिन्ही ठाणी दोन-चार पावलांत यावी आणि मधला हमरस्ता मोकळा राहावा, जेणेकरून रसद अडत नाही आणि सून मरत नाही. किल्ले बांधणारांस हे कधीच सुचले आणि स्वयंपाकघरे बांधणारांस सुचले नाही, याचे नवल कसले? किल्ले बांधणारांस किल्ल्यात राहणे होते. स्वयंपाकघरे बांधणारे ओसरीवर राहत होते.

मग शिवानंद गवंडी यांस पाचारण जाहले, आणि सारवलेल्या खळ्यावर चुन्याची रेघ ओढोन नव्या स्वयंपाकघराचा आराखडा खऱ्या मापाने मांडावा ऐसे ठरले. पायातल्या वहाणा बांधावर उतरवून पूर्णिमाबाई स्वहस्ते चुना घेऊन खळ्यात उतरल्या. आणि पाहा दैवाची करणी! ज्या बाईने मुलूख नव्याने वसवावयाचा विडा उचलिला, तिने चुलीच्याही आधी, पाण्याच्याही आधी, पहिला चौकोन आखिला तो मामंजींच्या पाटाचा. अडीच हात औरसचौरस. कोणी सांगितले नाही, कोणी विचारिले नाही, आणि शिवानंदांनी निमूट चार कोपऱ्यांस चार दगड ठेविले. मग उरल्या भूमीत चूल, तिच्या शेजारी शेगडीचा ओटा, पलीकडे मोरी, अलीकडे फडताळ ऐशी सर्व ठाणी बसविली, आणि शेवटी फुलाबाईसाहेबांस बसोन चिरण्या-किसण्यास जागा पाहू जाता ती उरली दाराच्या आड.

हे पाहताच फुलाबाईसाहेबांच्या मस्तकी आग गेली. "दाराआड केरसुणी ठेवत्यात गे, सासू न्हाई!" ऐसा हल्ला त्यांनी उघड्या मैदानात चढविला. "मला वसरीवर टाकायचं असंल तर सरळ सांग. रस्त्यावरच्या जीपा मोजत बसते."

"आत्ती, मग कुठं बसवू तुमास्नी? ह्या खोलीत जागा हाय कुठं?" पूर्णिमाबाई म्हणाल्या. "माझ्या पायाचं काय, ते कोण इचारलंय काय कधी?"

ऐसे बोलोन दोघी दोन दिशांस तोंडे करोन उभ्या राहिल्या. खरे सांगावे तर फुलाबाईसाहेबांस भय पडले होते. गुडघे गेले, डोळे अर्धे गेले, शेतातले काम सुटले. चूल तेवढी राहिली होती. ती गेली म्हणजे आपण घरात आहो की नाही हे कोणास कळावे? आणि पूर्णिमाबाईंस सासूस घालवावयाचे नव्हते, परंतु स्वतःही त्या पळापळीत मरावयाचे नव्हते. दोघी खऱ्या, आणि जागा एक. मग शिवानंदांच्या साक्षीने तह जाहला, की याच रेघांत एक वेळचे जेवण रांधोन पाहावे. निभले तर फुलाबाईंनी दाराआडची नेमणूक मुकाट पत्करावी.

युद्धाचा दिवस उजाडला. महाबळेश्वरराव सकाळच्या बसने जोयड्यास कचेरीच्या कामास रवाना जाहले होते. खळ्यावर तीन दगडांची चूल पेटली, चिऱ्यांचा ओटा रचिला, मोरीच्या जागी परात आणि फडताळाच्या जागी टोपली आली. बेत भाताचा आणि कोनांच्या भाजीचा. कोन हा त्या रानीचा थोर कंद. तो सोलावयास घेतला म्हणजे घरातील समस्त पुरुषांस बाहेरची कामे आठवतात. फुलाबाईसाहेब नसलेल्या दाराच्या आड विळी घेऊन बसल्या आणि कंदाचा फडशा पाडू लागल्या. मग चिरलेले कोन चुलीकडे नेण्यास त्या गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि चौकोनास डावीकडोन वळसा घालून निघाल्या. आणि त्याच घटकेस पूर्णिमाबाई भाताचे पातेले घेऊन पेज गाळावयास मोरीकडे निघाल्या, त्या उजवीकडोन वळसा घालून. आणि चौकोनाच्या कोपऱ्यावर उभय सैन्ये ऐसी भिडली, की पेज जमिनीस, कोन दाही दिशांस आणि परस्परांची माहेरे जिभेवर आली.

तव बांधावरची एक तांबडी कोंबडी भाताची शिते पाहोन आत शिरली, आणि कोणाचा मुलाहिजा न राखिता, पहिल्या दगडापासोन शेवटच्या दगडापर्यंत, चौकोनाच्या ऐन मधोमध चालत गेली. शिते टिपली. पुन्हा मधोमध परत आली.

दोघी पाहतच राहिल्या.

"आत्ती," पूर्णिमाबाई हळूच म्हणाल्या, "आपण कुणाला वळसा घालतोय?"

"ह्यांना."

"मामा तर जोयड्याला गेल्यात न्हवं?"

फुलाबाईसाहेबांनी चौकोनाकडे पाहिले. आत सारवण होते, आणि कोंबडीची पावले. शिवानंदांनी दूर जाऊन ओळंबा पुसावयास घेतला, कारण ऐशा समयी परक्याने लोखंडाकडे पाहावे हेच शहाणपण. मग फुलाबाईसाहेबांनी एक पाय उचलिला आणि रेघेवर आणोन थांबविला. वाघाच्या रानात जळणास एकटी जाणारी बाई ती; चुन्याच्या रेघेस भ्याली, हे आम्ही लपवीत नाही. मग "व्हय की गे" ऐसे पुटपुटोन त्या आत गेल्या आणि पूर्णिमाबाईंनी पुढे केलेली विळी घेऊन बैठक मारून बसल्या. डावा हात लांबविला तो चुलीस लागला. उजवा लांबविला तो परातीस.

"हितनं समदं हाताला येतंय गे," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांस पदर लाविला. कोन चिरताना डोळ्यांस पाणी येत नाही. त्या रडल्याच.

मग पूर्णिमाबाई ओट्यापाशी उभ्या, फुलाबाईसाहेब चुलीपाशी बसलेल्या, मध्ये हमरस्ता मोकळा; एकीने चिरावे, दुसरीने वळोन घ्यावे, आणि कोणी कोणास दी म्हणू नये, ऐशा रीतीने भाजी फत्ते जाहली.

सायंकाळच्या बसने महाबळेश्वररावांची स्वारी परतली आणि खळ्यावर आखिलेल्या आपल्या पाटाच्या वतनात पत्नी विळीसह ठाण मांडोन बसली आहे हे वर्तमान प्रत्यक्ष पाहती जाहली. रावांनी गर्जना केली. ही जागा बापाची, आज्याची, तिजवर कोणी बसावे हे ठरलेले आहे, ऐसे फर्मान सोडिले. फुलाबाईसाहेब उठल्या नाहीत.

"तुमच्या बानं, आज्यानं आणि तुमी," त्यांनी विचारिले, "हितं बसून काय शिजवलासा?"

रावांनी मिशीवर हात नेला. आभाळाकडे पाहिले. मनुष्य मुळात प्रामाणिक.

"हात शेकलो," ते म्हणाले.

यावर खळ्यात हशा ऐसा उसळला, की शिवानंदांच्या हातून ओळंबा पडला, आणि हसण्यात राव स्वतःही सामील जाहले, कारण दुसरी वाट राहिली नव्हती. परंतु शरण आलेल्या शत्रूस उघडे टाकू नये, ही राजनीती फुलाबाईसाहेब जाणत होत्या. म्हणोन न्हाणीच्या हंड्याची चूल, तीतील जळण आणि राख यांसह, महाबळेश्वररावांस बहाल केली. तेथे हवे तितके हात शेकावे. मात्र सर्वांच्या अंघोळीचे पाणी तापवावे. राव काही दिवस फुगले. मग ओसरीवर भेटेल त्यास सांगू लागले, की या घरी पाणी आपल्याशिवाय कोणाच्याने तापतच नाही.

येणेप्रमाणे पावसाच्या आत स्वयंपाकघर सिद्ध जाहले. पहिला भात उतरला त्या सकाळी झड लागली होती, गारठा मी म्हणत होता, आणि दोघी आपापल्या ठाण्यांवर कामात होत्या, तो उंबऱ्यावर पावले थबकली. महाबळेश्वरराव उभे. जन्मापासोन ज्या घरात विचारल्यावाचोन वावरले, त्या घरच्या स्वयंपाकघरापाशी त्यांनी चपला हातात घेऊन विचारिले, "आत येऊ काय?"

पूर्णिमाबाईंनी सासूकडे पाहिले. हा जबाब देण्याचा अखत्यार त्यांचा नव्हता.

फुलाबाईसाहेबांनी घाई केली नाही. सावकाश निखारा पुढे ओढिला, चुलीत एक ढलपी सारिली, आणि मग बसल्या जागेवरूनच हुकूम जारी केला, "या. पाय पुसून या."

राव पाय पुसून आत आले. मुलूख फत्ते जाहला तो या घटकेस. आम्ही दाराआड उभे राहोन पाहिला आणि जैसा पाहिला तैसा नोंदविला.