यंत्राला ऊन लागलं

"शुक्रवारपर्यंत साहेब स्वतःच्या डोळ्यांनी आकडा वाचतील आणि स्वतःच्या हातानं हॉलचं कुलूप उघडतील!"

फरहा मॅडमनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं आणि सगळे चहा प्यायचे थांबले. कारण मॅडम कधी काही जाहीर करत नसत. आयटीआयमध्ये अकरा वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना त्यांचा आवाज कधी पंख्याच्या आवाजावर चढला नव्हता. पण त्या आठवड्यात त्यांचं डोकं तापलं होतं, आणि ते नुसतं उन्हानं नव्हे.

संस्था माजरीच्या कोळसाखाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग टिनाच्या शेडमध्ये. चोवीस विद्यार्थी आणि दोन पंखे. त्यातला एक फिरायचा, दुसरा त्याच्याकडे बघत राहायचा. एप्रिल संपत आला की ताडोब्यातला वाघसुद्धा दुपारी पाण्यात बसून असतो. हे चोवीस जण मात्र टिनाखाली बसून हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न धरायचे! पलीकडेच नवा हॉल होता. पक्कं छत, चार कूलर आणि दाराला हे एवढं कुलूप. हॉल 'कार्यक्रमांसाठी राखीव' होता. कार्यक्रम आजवर एकच झाला होता : हॉलचं उद्घाटन.

सोमवारी दिव्या आत्राम काम करता करता टेबलावरच कोसळली. तिला पाणी पाजून, सावलीत निजवून मॅडमनी हॉलसाठी तिसरा अर्ज लिहिला. तासाभरात परत आला. प्राचार्य उरकुडे साहेबांचा शेरा होता : 'उकाडा सर्वत्र आहे.' शेऱ्याचा कागद हाताला गार लागत होता, कारण तो एसीच्या केबिनमधून आला होता!

मॅडम तो कागद घेऊन थेट आत गेल्या.

"मॅडम, गरम होते, गरम होते म्हणून कसं चालन?" साहेब म्हणाले. "बेचाळीसच्या वर हाय असं आकड्यात दाखवा मले. त्याच दिवशी चावी देतो!"

"दाखवते," मॅडम म्हणाल्या.

दोन दिवसांत तापमान मोजणारं यंत्र तयार झालं. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत एक सेन्सर, एक छोटा बोर्ड आणि संस्थेच्या स्टोअरमधला दोन ओळींचा हिरवा एलसीडी पडदा. स्टाफरूममध्ये अक्षरं कशी काळीभोर, कोरीव! मग मॅडमनी डबी शेडमध्ये नेली आणि जेवून दुपारी दोनला परत आल्या.

पडद्यावर आकडा नव्हता. काळे चौकोन होते! वर सोळा, खाली सोळा. भिंतीला ओळीनं चिकटलेले ढेकूण जणू!

मॅडमनी वायरी तपासल्या. सोल्डरचे जोड भिंगातून पाहिले. पाच व्होल्ट मोजले, पाचच होते. प्रोग्राम पुन्हा चढवला. स्टोअरमधून दुसरा एलसीडी आणून जोडला. त्यातही बत्तीस ढेकूण!

"सरका, मी पाह्यतो," फिटर विभागाचे दिनेशभाऊ म्हणाले आणि त्यांनी डबीला एक चापट मारली. दिनेशभाऊ सगळ्याच यंत्रांवर हाच उपचार करत. लेथ मशीनवर तो लागू पडत असेलही.

"भाऊ! तो ट्रॅक्टर आहे का?"

"मंग चालून काऊन नाई राह्यला?"

शेवटी मॅडमनी मागचा इवलासा निळा स्क्रू फिरवला. हा स्क्रू अक्षरं गडद-फिकी करतो. पाव फेरा झाला, चौकोन विरले आणि मधून आकडा वर आला : ४६.२!

चोवीस जणांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या गरमीत टाळ्या वाजवणं म्हणजे खरं प्रेम! मॅडम डबी घेऊन केबिनकडे निघाल्या. उरकुडे साहेब फोनवर होते. दहा मिनिटं बोलले. मॅडम एसीच्या झोताखाली डबी धरून उभ्या.

"हं, दाखवा." साहेबांनी चष्मा लावला. "कुठी हाय आकडा? काईच नाई दिसून राह्यलं!"

पडदा कोराकरकरीत होता.

आणि तेव्हा मॅडमना उलगडलं. गरमीत एलसीडी गडद होतो आणि गारव्यात फिका पडतो! हे त्या स्वतः दरवर्षी शिकवत. फळ्यावर आलेख काढून शिकवत! स्वतःवरच भडकून त्यांनी स्क्रू फिरवला. अक्षरं झरझर उमटली.

"चोवीस पॉइंट एक!" साहेब आनंदानं ओरडले. "चोवीसच तर हाय, मॅडम! बेचाळीसले अजून अठरा कमी!"

"साहेब, हे तुमच्या केबिनचं तापमान आहे!"

"यंत्र कोणाचं हाय?"

"माझ्या वर्गाचं."

"मंग ते तुमच्या वर्गाचंच दाखवन ना!"

मॅडमच्या कानशिलातली शीर टणाटण उडू लागली. "चला," त्या म्हणाल्या. "शेडमध्ये चला. आत्ता!"

अकरा वर्षांत कुणी हा स्वर ऐकला नव्हता. साहेब मुकाट उठले. अंगणातून जाताना त्यांनी डोक्यावर फाईल धरली. शेडमध्ये पोचून, विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी ऐकून होईतो पाच-सात मिनिटं गेली आणि पडद्यावर पुन्हा बत्तीस ढेकूण हजर!

"थांबा, एक स्क्रू फिरवते—"

"हात नका लावू!" साहेबांनी डबी हिसकावून छातीशी धरली. "अहो, हे तर काळं पडलं! केबिनमंधी चांगलं होतं बिचारं! हा पडदा आपल्या स्टोअरचा ना? सरकारी वस्तू ना? बिघडली तर वर उत्तर कोन देईन? मॅडम, तुमच्या यंत्राले ऊन लागलं!"

"आणि परवा दिव्याला काय लागलं होतं?" मॅडम कडाडल्या. शेडमधला फिरणारा पंखाही क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

पण साहेबांचं लक्ष डबीकडे होतं. त्यांनी खिशातल्या रुमालानं तिला वारा घातला, कपाळाचा घाम पुसत ती टेबलावर अलगद ठेवली आणि जवळजवळ पळतच केबिन गाठली. मॅडमनी दात-ओठ खात स्क्रू फिरवला. ४६.८! स्वच्छ, काळाभोर आकडा. आणि बघायला कोणी नाही!

अर्ध्या तासात आदेश आला. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला.

'सदर यंत्र उष्णतेमुळे बिघडत असल्याचे मी समक्ष पाहिले आहे. शासकीय वस्तूची हानी टाळण्यासाठी यंत्र तातडीने नवीन हॉलमध्ये हलवावे. चारही कूलर सुरू ठेवावेत.'

सोबत चावी होती.

"बाप्पा!" दिनेशभाऊ म्हणाले. "माणसाचे तीन अर्ज वापस, अन् साबनाच्या डबीले एका दिवसात हॉल!"

कोणी हसलं नाही. मॅडमनी आदेशाचा कागद पुढे ओढला. त्यांनी पेन उघडलं. प्रयोगवहीत ज्यांनी कधी दशांशानंतरचा आकडासुद्धा अंदाजानं लिहिला नव्हता, त्या फरहा मॅडमनी वळणदार अक्षरात लिहिलं : 'सदर यंत्र चालवण्यासाठी चोवीस व्यक्तींची आवश्यकता आहे.'

त्यावर साहेबांचा शेरा आला : 'मंजूर. व्यक्तींनी यंत्राजवळ गर्दी करू नये.'

शुक्रवारी वर्ग हॉलमध्ये भरला. चार कूलर घुमत होते. दिव्याच्या तोंडावर रंग आला होता. व्यासपीठावर, टेबलक्लॉथवर, डबी विराजमान होती. गारव्यात तिचा पडदा पुन्हा कोरा पडला होता. मॅडमनी सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला.

"मॅडम, नका!" दिव्या धावली. "सुधरवू नका तिले!"

"अगं, पाव फेऱ्याचं काम आहे! समोर बिघाड दिसतोय आणि मी नुसती बसून राहू?"

"सुधरली का साहेब म्हनतीन, बरी झाली, आता न्या शेडात!"

मॅडमनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. मग काढला. मग दिव्याच्या हातात दिला आणि डबीकडे पाठ करून शिकवायला उभ्या राहिल्या. आवाज मात्र जरा चढलेलाच होता.

दुपारी दार किलकिलं झालं. उरकुडे साहेब चवड्यांवर चालत आत आले. चोवीस जणांवरून त्यांची नजर सरळ डबीवर गेली. वाकून त्यांनी कोरा पडदा पाहिला आणि हळूच विचारलं,

"मॅडम, कसं हाय आता यंत्राले?"

मॅडमनी डोळे मिटले, मनात दहापर्यंत आकडे मोजले.

"अजून अशक्तपणा आहे साहेब," त्या म्हणाल्या. "जूनपर्यंत तरी हलवता येणार नाही."