आप्पा जगदाळे, परदेशी विद्यार्थी

आप्पा जगदाळे आमच्या अरबीच्या वर्गाला पाठीवर दप्तर लावून येतात. दप्तरात पाण्याची बाटली, खाऊचा डबा आणि टोक काढलेल्या पेन्सिली. वय सत्तरीला टेकलेलं. कराडला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि मुलाकडे बहरीनमध्ये रिफाला राहायला आले. पण ओळख करून देताना छाती काढून सांगतात, "मी परदेशी शिकायला असतो."

एकदा त्यांच्या पुतण्यानं लंडनहून फोटो पाठवले. तिथं शिकणारी मुलं एका दिवसात कवींची घरं आणि लेखक बसायचे ते पब पालथे घालतात म्हणे. वर्ग सुटल्यावर आप्पांनी मला गाठलं. "मग आपण काय घोडं मारलंय? शनिवारी गाडी काढा. आणि दिवसभर फक्त अरबी. यल्ला, चला!"

मुहर्रकला एका जुन्या कवीचं घर जपून ठेवलंय. उंबऱ्यापाशी आप्पांनी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि रखवालदाराला अरबीत विचारलं, "कवी कुठं बसून लिहायचे?"

"चाचा, चप्पल पहन लो," तो म्हणाला, "पैर जल जाएगा."

बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या आतल्या गल्लीत पुस्तकांचं दुकान होतं. आप्पांचं वाक्य संपायच्या आत मल्याळी दुकानदार हिंदीत बोलू लागला.

"या देशात अरबी बोलतं तरी कोण?" आप्पा घाम पुसत म्हणाले. मी म्हटलं, घरी जाऊ या.

"घर मफी! घरबिर काही नाही. पब राहिलाय."

मनामातल्या एका हॉटेलातला पब. टीव्हीवर फुटबॉल, गोंगाट. जन्मात सुपारीही न खाल्लेले आप्पा ताठ बसले. लेखकमंडळी कुठल्या टेबलावर बसतात, असं त्यांनी वेटरला अरबीत विचारलं आणि हळूच माझ्याकडे झुकले. "वाक्याचा शेवट बरोबर आला का हो?"

वेटर हसला. "काका, मराठीत बोला ना. मी चिपळूणचा."

आता आप्पा चिडणार, असं मला वाटलं. त्यांनी उठून त्याचा हातच धरला. घरी कोण असतं, आंबा यंदा कसा आलाय, आई फोनवर रडते का. त्याला दुसऱ्या टेबलावरून हाका यायच्या. तो गेला की आप्पा आणखी एक लिंबू सरबत मागवायचे. शेवटचा ग्लास त्यांनी प्यायलाही नाही.

परतताना मी विचारलं, "आप्पा, खरं सांगा, अरबी कशाला शिकता?"

"नातू गुणी आहे हो. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत 'ओके' म्हणतो. मुलगा-सून दमून येतात, त्यांना तरी किती बोलायला लावायचं? वर्गात कसं, मी काहीही विचारलं तरी बाई उत्तर देतात."

रिफाला त्यांच्या दाराशी गाडी थांबली. आप्पांनी पट्टा सोडला, पण उतरले नाहीत. मी एसी चालूच ठेवला. "कराडला तुमचं ऑफिस कुठं होतं?"

"कृष्णेचा घाट बघितलाय?"

"नाही."

"मग ऐका," म्हणत आप्पा माझ्याकडे वळले आणि त्यांनी सीटवर चांगली मांडी घातली.